मिरगाआधी बी जपूया : परड्यात लावायच्या सोप्या भाज्या आणि फुले



आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो. वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. बहुतेकांच्या घरामागे परडे आहे. विहीर आहे. तरीसुद्धा आपल्या बाजारात विकायला येणारी पुष्कळशी भाजी घाटावरून येते. कोल्हापूर आणि बेळगावकडच्या गाड्या घाट उतरून आल्या की आपल्याला भेंडी, वांगी, कोबी मिळतो. पावसात घाटात दरड कोसळली की गाड्या अडकतात आणि भाजी महाग होते.

त्याच वेळी, म्हणजे जून आणि जुलै महिन्यांत, यांत्रिक होड्यांची मासेमारी सरकारी नियमाने बंद असते. तेव्हा पुष्कळ मासे अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून हा नियम आहे. मग ताजे मासे कमी आणि भाजी महाग. ज्यांच्या घरची माणसे होडीवर जातात त्यांच्याकडे या दोन महिन्यांत पैसाही कमी येतो. जेवणात भात, कुळथाची पिठी आणि सुके मासे असतात. हे सगळे चवीला छानच लागते. पण हिरवी भाजी पोटात गेली नाही तर शरीराला लोह आणि जीवनसत्त्वे कशी मिळणार?

यावर सोपा उपाय आहे. मूठभर बी आणि परड्यातली दहा पावले जागा. जी भाजी पहिल्यांदा लावणाऱ्यालाही जमते तीच मी येथे लिहिली आहे. काही माहिती बाईंनी सांगितली, काही पुस्तकात वाचली आणि बरीचशी आजीने सांगितली.

१. बी कशाने रुजते?

बी झोपलेले असते. त्याच्या आत एक लहानसे रोप आणि त्याची शिदोरी असते. चवळीचा दाणा रात्रभर भिजवून सकाळी दोन डाळी अलग करा. मध्ये एक इवलासा पांढरा कोंब दिसेल. तेच रोप. दोन डाळी म्हणजे त्याची शिदोरी. मुळे धरून पाने फुटेपर्यंत ते हीच शिदोरी खाते.

बी जागे व्हायला तीन गोष्टी लागतात : पाणी, हवा आणि ऊब. माती लागतेच असे नाही. म्हणून तर मोड आलेली मटकी फडक्यात तयार होते. पण पाणी फार झाले तर हवा मिळत नाही आणि बी कुजते. आपल्याकडे पावसाळ्यात बी वाया जाते ते बहुधा पाणी तुंबल्यामुळे.

बी किती खोल पेरावे? नियम सोपा आहे. बी जेवढे जाड असेल त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. भोपळ्याचे बी बोटाच्या एका पेराएवढे खोल चालते. माठाचे बी खसखशीएवढे असते, ते वरच्यावर टाकून हाताने नुसते दाबावे. आजी म्हणते, "बियो लय खोल घालू नको गो, तेंका वर येवक दम रवना नाय." हे अगदी शास्त्रीय आहे. लहान बियांत शिदोरी थोडी असते. उजेडापर्यंत पोचण्याआधीच ती संपते.

२. आधी बी तपासा

डब्यातले जुने बी जिवंत आहे की मेले, हे नुसते बघून कळत नाही. त्यासाठी परीक्षा घ्यावी लागते. आमच्या वर्गात आम्ही ही परीक्षा घेतली.

दहा बिया मोजून घ्या. ओल्या सुती फडक्यात पुरचुंडी बांधा. पुरचुंडी वाटीत ठेवून घरातल्या उबदार जागी ठेवा. फडके रोज ओले करा, पण पाण्यात बुडवू नका. सात-आठ दिवसांनी सोडून मोजा. आमच्या गेल्या वर्षीच्या शिराळीच्या दहांतून नऊ बिया रुजल्या. भेंडीचे बी तीन वर्षांचे होते, त्यातल्या दहांतून चारच रुजल्या.

आता हिशेब करा. दहांतून चार रुजत असतील आणि आपल्याला दहा रोपे हवी असतील, तर पंचवीस बिया पेरायला हव्यात. गणित असे उपयोगी पडते. परीक्षा न घेता दहाच पेरल्या तर चारच रोपे येतील आणि आपण उगाच पावसाला दोष देऊ.

३. जमीन आणि पाणी

किनाऱ्याजवळच्या परड्यात वाळूची जमीन असते. वाळूत पाणी टिकत नाही आणि खतही खाली वाहून जाते. तिच्यात कुजलेले शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा. डोंगराकडच्या वाड्यांत जांभ्या दगडाची तांबडी माती असते. ही माती आंबट गुणाची असते. त्यात शेणखताबरोबर चुलीतली थोडी राखही घालावी. राखेने आंबटपणा कमी होतो.

आपल्याकडे पावसाळ्यात सपाट जमिनीवर भाजी लावू नये. एक वीत उंचीचा वाफा किंवा मातीचा ढीग करावा आणि बाजूने पाणी जायला चर काढावा. वीत प्रत्येकाची वेगळी असते. माझी वीत लहान, आजीची मोठी. म्हणून पट्टीने २० सेंटिमीटर मोजले तर भांडण नको. आणखी एक. पागोळीखाली बी पेरू नये. कौलांवरून पडणाऱ्या धारेने बी उडून जाते आणि मातीत खड्डे पडतात.

उन्हाळ्यात खाडीजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. असे पाणी कोवळ्या रोपांना घालू नये. पानांच्या कडा करपतात. पाऊस चांगला लागला की विहिरीचे पाणी पुन्हा गोडे होते. समुद्राकडून खारा वारा येतो, त्या बाजूला माडाच्या चुडतांची वय घालावी. गुरे आणि कोंबड्याही मग आत येत नाहीत.

तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालावे. मासे धुतलेले पाणी हे तर फुकटचे खत आहे. पण ते खोडापासून लांब, मातीत चर करून घालावे आणि वर माती ओढावी. नाहीतर मांजरे येऊन सगळा वाफा उकरतात!

४. पावसाळ्यातल्या सोप्या भाज्या

लाल माठ : ही सर्वांत सोपी. बी काळे, चकचकीत आणि बारीक असते. हातातून एकाच जागी पडू नये म्हणून त्यात कोरडी वाळू किंवा राख मिसळून फेकावे. वाफ्याच्या कडेने राख टाकावी, म्हणजे मुंग्या बी नेत नाहीत. वर तीन-चार दिवस चुडते झाकावीत, म्हणजे जोराच्या पावसाने बी वाहून जात नाही. कोंब दिसले की चुडते लगेच काढावीत. सुमारे २५ ते ३० दिवसांत भाजी काढायला येते. दाट उगवलेली रोपे आधी उपटावीत. ती फेकायची नाहीत. कोवळ्या माठाची कांदा आणि खोबरे घालून भाजी करतात, ती फारच गोड लागते.

भेंडी : आपण हिला भेंडे म्हणतो. बी कठीण असते म्हणून रात्रभर पाण्यात भिजवावे. एका जागी दोन बिया टाकाव्यात. दोन्ही उगवल्या तर जोमदार रोप ठेवून दुसरे काढावे. दोन झाडांत साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. ४५ ते ५० दिवसांत भेंडी लागू लागते. मग एक दिवसाआड तोडावी, नाहीतर जून होते. भेंडीचे फूल नीट बघा. पिवळे, आणि मध्ये गडद तांबडे. जास्वंदीसारखे दिसते ना? भेंडी, जास्वंद आणि कापूस ही एकाच कुळातली झाडे आहेत.

चवळी : वाळूच्या जमिनीत चांगली होते. ही मूळची आफ्रिका खंडातली. हिच्या शेंगा ५०-६० दिवसांत मिळतात. चवळीचे एक जुने झाड हळूच मुळासकट उपटून बघा. मुळांवर लहान लहान गाठी दिसतील. तो रोग नाही. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्रवायू झाडाला खत म्हणून देतात. म्हणून जिथे चवळी लावली तिथे पुढच्या वेळी पालेभाजी चांगली होते.

शिराळी, पडवळ आणि कारली : या तिघांना मांडव लागतो. चार बांबू आणि वर काठ्या असल्या की झाले. शिराळीच्या बिया काळ्या आणि कठीण असतात. त्या पुरचुंडीत ठेवून मोड आले की लावाव्यात. एका ढिगावर तीन बिया लावाव्यात, पुढे दोन वेल ठेवावेत. पडवळ वाकडे वाढते म्हणून त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधतात. मग ते सापासारखे सरळ लांब होते. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, ते १९७२ साली स्थापन झाले. त्याचे आताचे नाव डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ असे आहे. तेथे आपल्या हवेसाठी भाज्यांच्या खास जाती तयार केल्या आहेत. कारल्याची 'कोकण तारा' आणि शिराळीची 'कोकण हरिता' ही त्यांची नावे.

तवशी : बाजारातल्या काकडीपेक्षा मोठी, जून झाली की पिवळी होणारी. हिचेच धोंडस करतात. चतुर्थीला गणपतीवर माटवी बांधतात तिलाही तवशी लागते. काकडी ही मूळची आपल्या भारतातलीच आहे. तवशीचा वेल जमिनीवर सोडला तर फळाखाली गवत किंवा पेंढा घालावा, म्हणजे फळ कुजत नाही.

लाल भोपळा : याला वाढायला जागा फार लागते, पण लक्ष कमी लागते. वयीवर, गडग्यावर किंवा मांगराच्या छपरावर चढवावा. हा अमेरिका खंडातून आपल्याकडे आला. मिरचीही तिकडचीच, ती पोर्तुगीज लोकांनी आणली. विचार करा, मिरची येण्याआधी आपल्याकडे आमटी तिखट कशाने करत असतील? मिरीने!

वेलांविषयी एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. वेलाला पहिली फुले येतात ती पुष्कळदा नुसतीच गळून पडतात. मग घरची माणसे म्हणतात, वेलाला दृष्ट लागली. तसे काही नसते. वेलावर दोन प्रकारची फुले असतात, नर आणि मादी. आधी बहुतेक नर फुले येतात. ती गळायचीच असतात. मादी फुलाच्या मागे पहिल्या दिवसापासून इवलेसे फळ असते. मधमाशी नर फुलातला पराग मादी फुलावर नेते, तेव्हाच ते फळ वाढते. काकडी आणि भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, शिराळीचे संध्याकाळी. पाऊस सारखा असला आणि माश्या आल्या नाहीत, तर नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हळूच टेकवावे. हे लहान मुलांनाही जमते.

सावधान! दुधी, काकडी किंवा शिराळी चाखल्यावर फार कडू लागली तर ती खाऊ नये. अशा कडू फळाने विषबाधा होते. कारले कडू असते ते वेगळे.

५. सोपी फुले

गोंडा : पुस्तकात याला झेंडू म्हणतात. बी शोधायला दुकानात जायला नको. दसऱ्याचे तोरण वाळले की फूल चुरगळा. काळी काडी आणि तिला फिकट शेंडी, तेच बी. मात्र फूल पूर्ण पिकलेले असले तरच ते रुजते. साधारण दोन ते अडीच महिन्यांनी फुले येतात. गोंडा मूळचा मेक्सिको देशाकडचा. तिकडचे लोक नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला आपल्या मेलेल्या नातेवाइकांची आठवण करतात आणि गोंड्याच्या फुलांनी जागा सजवतात. आपण म्हाळ घालतो तसेच ते वाटते.

तेरडा : हा तर पावसात आपोआप उगवतो. पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फट्‌कन फुटते आणि बिया लांब उडतात. झाड स्वतःच आपले बी पेरते! काही घरांत तेरड्याचीच गौर आणतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. पण परड्यात नवी नवी फुले येत राहतात, म्हणून रंग पुष्कळ दिवस टिकतो.

गुलबस : बी मोठे, काळे, मिरीसारखे. लहान मुलांना पेरायला सोपे. फुले दुपारनंतर चार-पाच वाजता उमलतात, म्हणून इंग्रजीत त्याला चार वाजताचे फूल असेच नाव आहे. एकाच झाडावर कधी दोन रंगांची फुले दिसतात. याचे बी विषारी असते. धाकट्या भावंडांच्या तोंडात जाऊ देऊ नये.

अबोली : वेणीसाठी सर्वांना हवी असते. हिची गंमत अशी की वाळलेली बोंडे ओली झाली की फुटतात. वाटीत पाणी घेऊन त्यात बोंडे टाका आणि वर ताटली झाका. थोड्या वेळाने टप टप आवाज येईल. पाऊस आला की बी बाहेर पडावे, अशी सोय झाडाने केलेली आहे. अबोलीचे बी रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर धीर धरावा, माती उकरून बघू नये.

६. भात कापल्यावर

नोव्हेंबरमध्ये भात कापून झाले की जमिनीत ओल असते आणि हवा गार असते. तेव्हा मुळा, मेथी, कोथिंबीर आणि पुन्हा लाल माठ लावावा. मुळा ४०-४५ दिवसांत येतो. धणे पेरण्याआधी चपलेखाली किंवा हाताने रगडून दोन भाग करावेत, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मुंबईच्या बाजूला किनाऱ्याच्या वाळूत बारीक मेथी पिकवतात, तिला समुद्र मेथी म्हणतात. आपल्याकडे तर वाळूला तोटा नाही. खोक्यात वाळू भरून मेथीचे दाणे दाट पेरले आणि रोज पाणी मारले, तर दहा-पंधरा दिवसांत कोवळी मेथी मिळते. ज्यांच्याकडे परडे नाही त्यांनी हे करावे.

कोबी, फ्लॉवर आणि गाजर आपल्या उष्ण हवेत नवशिक्याला कठीण जातात. ती पुढे बघू.

७. भाजीचे शत्रू

वेलांच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगे येतात आणि पानांची चाळण करतात. त्यांच्यावर राख हाच उपाय. आजी म्हणते, "दंव असताना राख मारूची, मगे ती पानार बसता." म्हणजे सकाळी लवकर. चवळीच्या शेंड्यावर मावा आला तर साबणाचे पातळ पाणी फवारावे आणि थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुवावे. फळमाशी कोवळ्या काकडीला आणि कारल्याला टोचून आत अंडी घालते, मग फळ किडते. फळ लहान असतानाच त्याला जुन्या कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधावी. किडलेले फळ वेलाखाली टाकू नये, त्यातून नव्या माश्या तयार होतात. ते खोल पुरावे.

माकडे आली तर काय करावे, याला आमच्याकडे अजून पक्के उत्तर सापडलेले नाही. भोपळ्यापेक्षा कारल्याला ती कमी हात लावतात, एवढे मात्र बघितले आहे.

८. बी कसे राखावे?

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

वेलावर जे फळ चांगले आणि निरोगी असेल त्याला चिंधी बांधावी. चिंधी म्हणजे हे फळ कोणी तोडायचे नाही. तवशी पूर्ण पिवळी होऊ द्यावी. बिया काढून धुवाव्यात, राखेत घोळवून सावलीत वाळवाव्यात. पूर्वी अशा बिया शेणात घालून भिंतीला थापत असत. आजही काही घरांत थापतात. शिराळी वेलावरच वाळू द्यावी. हलवली की खुळखुळ वाजते. मग ती चुलीच्या वर टांगावी. धुरामुळे कीड लागत नाही. भेंडी आणि चवळीच्या शेंगा झाडावरच वाळवाव्यात.

बियांचा मोठा शत्रू म्हणजे ओल. आपल्याकडे पावसात तर मिठालाही पाणी सुटते! म्हणून काचेच्या बाटलीत तळाला कोरडी राख घालून वर बी ठेवावे आणि झाकण घट्ट लावावे. बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर भाजीचे नाव, महिना आणि साल लिहावे.

दुकानातल्या काही पाकिटांवर 'संकरित' असे लिहिलेले असते. त्या बियांना पीक पुष्कळ येते. पण त्या पिकाचे बी ठेवून पुढच्या वर्षी पेरले तर सगळी झाडे तशीच होत नाहीत. म्हणजे दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. गावठी बी मात्र पुन्हा पुन्हा तसेच येते. शिवाय ते आपल्या पावसाला आणि आपल्या मातीला सरावलेले असते.

पण गावठी बी दुकानात मिळत नाही. ते घराघरांत असते. आजी म्हणते, "एक मिरग चुकलो की बियाणा गेला." घरातल्या माणसांनी एक-दोन वर्षे तवशी लावली नाही, बाटलीतले बी जुने झाले, की ते मरते. मग ती जात वाडीतून कायमची नाहीशी होते. पैसे देऊनही परत मिळत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी बी गोळा केले, जपले आणि इतरांना दिले. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांना लोक बीजमाता म्हणतात. भारत सरकारने २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर केली. म्हणजे चिंधी बांधणे आणि राखेत बी ठेवणे हे लहान काम नाही.

९. दिवसांचा हिशेब

मिरग लागतो ७ किंवा ८ जूनला. तेव्हा आपली शाळा बंद असते. म्हणून बी कोणाकडे आहे हे सुट्टी लागण्याआधीच ठरवायला हवे. आता बोटांवर मोजा.

मिरगाला लाल माठ पेरला तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाजी. म्हणजे मासेमारी बंद असतानाच!
मिरगाला भेंडी पेरली तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पहिली भेंडी.
शिराळी आणि पडवळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून. श्रावणात मासे नसतात, तेव्हा हीच भाजी.
तवशी ऑगस्टच्या शेवटी मोठी होते. जूनचे २३, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ३१ मिळून ८५ दिवस होतात. चतुर्थीच्या माटवीला घरचीच तवशी.
जुलैच्या शेवटी गोंडा पेरला तर दसऱ्याच्या तोरणाला घरची फुले.

मे महिन्यात करायची कामे : बियांची परीक्षा घेणे, वाफे खणून शेणखत मिसळणे, मांडवाचे बांबू जमवणे, वय नीट करणे. सुट्टीत एवढे करायला आठ दिवस पुरतात. बाकीचे दिवस आंबे-काजू खायला मोकळे!

१०. शाळेची बियांची डबी

शाळेत आपल्याला दुपारचे जेवण मिळते. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या जेवणात आपल्या शाळेच्या परसबागेतली भाजी पडावी म्हणून आम्ही चौथीच्या मुलांनी यंदा बी राखले आहे. आपल्या शाळेचा पट लहान आहे. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन वेल येतात.

डबीत सहा बाटल्या आहेत : लाल माठ, भेंडी, चवळी, शिराळी, तवशी आणि गोंडा. प्रत्येकीवर नाव, महिना आणि साल लिहिले आहे. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनपासून आम्ही पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार. तेव्हा वाफ्यांना बघायला आम्ही येथे असणार नाही. म्हणून ही डबी आजपासून तिसरीच्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या चौथीच्या मुलांकडे देत आहोत. त्यांनी तीन कामे करावीत. मिरगाला पेरावे. एका फळाला चिंधी बांधावी. आणि एप्रिलमध्ये डबी पुढच्या मुलांकडे द्यावी.

पालकांना एक विनंती आहे. शाळा उघडेपर्यंत मिरग होऊन आठ दिवस जातात. ज्यांचे घर शाळेजवळ आहे त्यांनी मुलांना बरोबर घेऊन मिरगाच्या दिवशी ढिगांवर तवशी आणि शिराळी टोचावी. अर्ध्या तासाचे काम आहे. आणखी एक. आपल्या घरात जुन्या चिबडाचे, पडवळाचे किंवा गावठी मिरचीचे बी असेल, तर त्यातले चिमूटभर शाळेच्या डबीसाठी द्यावे. तुमच्याकडचे बी कधी गेलेच, तर शाळेच्या डबीतून परत घेऊन जावे.

ओळखा पाहू!

१. अंगावर शिरा, पोटात जाळी. वाळली की होते आंघोळीची घासणी.
२. हात लावला की रागाने फुटते, घरातल्या मुलांना दूर धाडते.
३. पाणी बघून टप टप बोलते, पण नावात मात्र बोलतच नाही.

(उत्तरे : १. शिराळी. २. तेरडा. ३. अबोली.)

तर मित्रांनो, यंदाच्या मिरगाला प्रत्येकाने निदान एक बी लावायचे. ज्याचे रोप पहिले उगवेल त्याने फळ्यावर आपले नाव लिहावे.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी